भीती कुणाची, भरवसा कुणावर?

'स्मृतिचित्रे'वर मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं जे माझ्या वाचनात आलं, त्यात तीन शब्द हटकून येतात. प्रांजळ, साधं आणि विनोदी. तिन्ही शब्द खरे आहेत. पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे भाकरीचा पापुद्रा खाऊन पानावरून उठणं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत छापून आलं. चौथा भाग आला तेव्हा बाई हयात नव्हत्या. तेव्हापासून पांढरपेशा घरांत ते लाडकं पुस्तक आहे. नवरा लहरी, बायको सोशिक, कविता, फजिती, शेवटी सगळं गोड. असं वाचायला कुणाची ना नाही. मला मात्र ते तसं वाचता येत नाही. माझ्या मते हे पुस्तक मुळात भीतीचं आहे, आणि त्या भीतीत आपण आहोत.

हे पुस्तक मला दिलं नगरकडच्या एका ख्रिस्ती मित्रानं. देताना म्हणाला, "देवावर भरवसा टाकला की माणसाचं भय कसं जातं, ते यात बघ." मित्र चांगला आहे. त्याच्या आज्यानं महारकी सोडून येशूचा रस्ता धरला. मी बौद्ध. देव मानत नाही, त्यामुळे त्याच्यावर भरवसा टाकायचा प्रश्न माझ्यापुरता संपलेला. तरी मित्राचं वाक्य डोक्यात राहिलं. भय जातं म्हणजे कुठलं भय? कुणाचं? आणि ते घालवलं कुणी, देवानं का बाईंनी? या तीन प्रश्नांसाठी मी पुस्तक पुन्हा वाचलं, आणि त्यातले तुकडे पासलीत आमच्या वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवले. पासली म्हणजे वेल्ह्याच्या पुढं, भट्टीची खिंड ओलांडली की. पुढं केळद आणि मग मढे घाट, त्याखाली कोकण. पावसाळ्यात भाताची लावणी उरकली की माणसं दुपारची घरात सापडतात. तेव्हा ऐकतात.

पुस्तकाची सुरुवात फाशीनं होते. १८५७ ची धामधूम. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या वडीलधाऱ्या नातलगाला सरकारनं बंडाच्या संशयावरून फासावर चढवलं. चांगला मोठा माणूस गेला. घरावर कुऱ्हाड कोसळली. आता बघा, अशा प्रसंगात माणसाला भीती कुणाची बसावी? सरकारची. शिपायाची. बेडीची. पण वडिलांच्या मनात जे घर करून बसलं ते वेगळंच होतं. फाशी देणारा मांग. त्याचा स्पर्श. तिथून त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. मिठाचीसुद्धा सुटका नव्हती. मीठ धुवायचं! पाण्यात मीठ धुतलं तर हातात काय उरणार, हे लहान पोरालाही कळतं. बाई हे सगळं हसत हसत सांगतात आणि वाचणाराही हसतो. मीही पहिल्यांदा हसलो.

वस्तीत कुणी हसलं नाही. एक म्हातारी भिंतीला टेकून ऐकत होती. मी थांबलो तशी म्हणाली, "आन् त्या मांगाचं म्होरं काय झालं रं?"

मी म्हणालो, "आजी, ते पुस्तकात नाही."

"न्हाई कसं? त्याच्यापास्नंच समदं सुरू झालं न्हवं?"

दोस्तांनो, समीक्षा म्हणतात ती ही. माझ्या वाचनातल्या कुठल्याही लेखात हा प्रश्न मला आढळला नाही. फाशीचा हुकूम साहेबाचा. दोर सरकारचा. कायदा सरकारचा. मांग तिथं उभा आहे कारण गावगाड्यानं हे काम त्याच्या गळ्यात बांधलंय. त्याला विचारलंय कुणी, तुझे हात थरथरतात का? पण ज्या साहेबानं हुकूम दिला त्याची भीती धुवून काढता येत नाही. त्याच्यापुढं वाकावंच लागतं, उद्या त्याच्याकडे नोकरी मागायची असते. मग भीती खाली उतरते. उतरत उतरत ती त्या माणसाच्या हातावर येऊन थांबते ज्याला काहीच करता येत नाही. आणि मग मीठ धुतलं जातं. शिवाशिव म्हणजे नुसता धर्म, नुसता अहंकार, असं आपण भाषणात सांगतो. लक्ष्मीबाईंच्या पहिल्या प्रकरणानं मला दाखवलं की ती एक रोगट भीतीही आहे. ज्याला छळायचं त्यालाच भ्यायचं. हे बाईंना मुद्दाम दाखवायचं होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी घरचं खरं सांगितलं, आणि खरं सांगितलं की असं होतं.

या घरात वाढलेली मनकर्णिका अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांच्या घरात लक्ष्मी होऊन गेली. सोवळं तिच्या हाडात होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत आणि तरी नाही. कुणाच्या घरी राहायचं, मुलाला कसं वाढवायचं, लोक काय म्हणतील. पुढची काही वर्षं ताटातुटीची. इथं पुस्तकातली भीती खरीखुरी आहे, एकट्या बाईची. ती मला परकी वाटत नाही. आमच्या बायांनीही नवरे मुंबईला गिरणीत गेल्यावर वर्षंच्या वर्षं अशी काढली. फरक इतकाच की आमच्या बायांना सोवळं मोडायची भीती नव्हती. मोडायला सोवळंच नव्हतं.

मग बाई नगरला नवऱ्याकडे आल्या. आल्या त्या चूल वेगळी ठेवून. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. पाणी वेगळं, भांडी वेगळी. तुम्ही म्हणाल आता देव येईल आणि भीती जाईल. इथंच माझ्या मित्राचं वाक्य अडतं. तसं झालेलं नाही. पुस्तक नीट वाचा. राहुरीच्या दिवसांत बाई एकट्या बसून विचार करतात. जाती केल्या कुणी? देवानं केल्या असतील तर जनावरांत जसा फरक दिसतो तसा माणसांत का दिसत नाही? ब्राह्मणाचं अंग आणि महाराचं अंग उघडं करून ठेवलं तर ओळखणार कसं? मग हे माणसाचंच काम. माणसाचं काम असेल तर मी ते का पाळू? आणि तिथून त्यांनी ठरवलं, कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. ठरवलं आणि केलं.

क्रम लक्षात घ्या. आधी विटाळाची भीती गेली, नंतर १९०० साली बाईंनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेनं भीती घालवली असं नाही. भीती गेली तेव्हा श्रद्धेला आत यायला जागा झाली. आणि भीती घालवली ती विचारानं, आपल्या आपण सवाल करून. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, जिनं अक्षरओळख नवऱ्याकडून करून घेतली, तिनं हे केलं. आमच्याकडचे काही पदवीधर अजून एवढ्यावर आलेले नाहीत. मोठमोठ्या धर्मसभांना जे जमलं नाही ते राहुरीच्या एका खोलीत एका बाईनं एका बैठकीत उरकलं. माझ्या लेखी 'स्मृतिचित्रे'तलं सगळ्यात मोठं पान हे. बाप्तिस्म्याचं पान त्यानंतरचं.

ख्रिस्ती मित्र म्हणेल, तो विचार मनात घातला कुणी? देवानंच. घातला असेल. माझं भांडण नाही. पण मग हे मान्य कर की तुझा देव सवाल करणाऱ्याच्या बाजूचा आहे, मुकाट मान डोलवणाऱ्याच्या नाही.

श्रद्धेला तिचं माप दिलं पाहिजे, ते मी देतो. दुष्काळ, प्लेग. माणूस माणसाजवळ जायला भीत होता, पोटच्या पोराला सोडून पळत होता. अशा दिवसांत टिळकांनी आणि बाईंनी अनाथ पोरं घरात घेतली, रोग्यांची सेवा केली. ज्या घरात मीठ धुतलं जायचं त्या घरची लेक परक्याचा घाम आणि ओकारी पुसते. हे नुसत्या विचारानं होत नाही. विचार माणसाला उंबऱ्यापर्यंत नेतो. आत रोग्याच्या उशाशी रात्रभर बसायला आणखी काहीतरी लागतं. बाई त्याला येशूवरचा भरवसा म्हणतात. मी करुणा म्हणेन. शब्दावरून काय भांडायचं, काम तेच आहे. टिळक १९१९ ला गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' बाईंनी पुरं केलं, आणि त्यातला बराच मोठा भाग बाईंचा आहे. मोठ्या कवीच्या कामाला हात लावायची भीती कुठल्याही लिहिणाऱ्याला वाटते. त्यांना वाटली असेल तरी त्यांनी लिहिलं. हे श्रद्धेचं फळ असेल तर मला ते मान्य आहे.

पंडिता रमाबाईंचंही थोडं असंच. १८८९ चं शारदासदन हे मुख्यतः वरच्या जातीतल्या विधवांसाठी. पुढं १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, भुकेल्या पोरी गोळा करून आणल्या आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती उभी राहिली. तिथं जात विचारत बसायला वेळ नव्हता. भुकेनं दार उघडलं, श्रद्धेनं ते उघडं ठेवलं. एवढंच सांगून पुढं जातो. रमाबाईंवर वेगळं लिहायला पाहिजे.

आता आपल्या भीतीकडे येऊ. ती या पुस्तकात नाही. असायलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. बाईंनी त्यांचं लिहिलं. पण माझा मित्र जेव्हा हे पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणतो की भय असं जातं, तेव्हा मला विचारावंच लागतं की माझं भय तुझ्या या औषधानं जाईल का?

आमच्याकडची गोष्ट घ्या. वतन होतं तोवर वेसकर महारानं रात्री-अपरात्री सांगावा घेऊन जायचं. मयताचा निरोप, सरकारी टपाल, कुणाची बाई अडलेली. पाऊस, जळवा, जनावर, काळोख, आणि खिंड. वस्तीतले म्हातारे सांगतात, भुताचं भ्या त्या माणसाला नव्हतं. घुंगराची काठी आपटत जायचा, गाणं म्हणत जायचा. तोच माणूस सकाळी पाटलाच्या ओट्याखाली उभा राहिला की मान वर निघायची नाही. त्याच्या घशातून शब्द फुटायचा नाही. काळोखात न भिणारा उजेडात भ्यायचा. ही आपली भीती. ती अंधाराची नाही, भुताची नाही, मरणाचीही नाही. ती ओट्याची आहे. सालाचं बलुतं बंद होईल, पाणी बंद होईल, पोराला कामावर घेणार नाहीत, झोपडी जाळतील. हे भास नाहीत. या भीतीला पुरावा आहे.

बायबलात देव माणसाला घाबरू नका असं पुन्हा पुन्हा सांगतो. मेंढपाळाचं ते प्रसिद्ध स्तोत्र माझ्या मित्राला तोंडपाठ आहे. अंधाऱ्या दरीतून जाणाऱ्याला आधार देणारं. दरी आम्हाला माहीत आहे, आम्ही दरीतच राहतो. पण मेंढपाळाची उपमा मला पटली नाही ती नाहीच. आमच्या डोंगरात धनगर आहेत, ते मेंढ्यांपेक्षा म्हशी-गुरं राखतात, पण हिशेब तोच. काठी वाघावर उगारली जाते तशी गुरावरही. आणि गुरं राखायची ती दुधासाठी, विकण्यासाठी. राखणारा कितीही मायाळू असो, गुराला मत नसतं. ज्याला हजारो वर्षं जनावरासारखं हाकललं त्याला पुन्हा कळपाची उपमा देऊ नका. भलेही त्यात तुमचं प्रेम असेल. माझ्या मित्राला हे ऐकून वाईट वाटलं. तो म्हणाला, त्या मेंढपाळानं कळपासाठी स्वतःचा जीव दिला. हे उत्तर वजनदार आहे, मी नाकारत नाही. तरी पुन्हा सांगतो, उपमा बदला.

बाबासाहेबांनी ३१ मे १९३६ ला मुंबईत महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. त्यात त्यांनी भीतीचं मूळ सांगितलं. तुमच्यावर जुलूम होतो कारण तुमच्याकडे बळ नाही. मनुष्यबळ नाही, द्रव्यबळ नाही, मानसिक बळ नाही. धर्मांतर कशाला, तर बाहेरच्या समाजाचं बळ मिळावं म्हणून, आणि मनावरचं ओझं उतरावं म्हणून. म्हणजे भीतीवरचा इलाज एकट्यानं गुडघे टेकून होत नाही, त्याला समाज लागतो. पुढं ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरही त्यांनी लिहिलं. ते लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. त्यात एक मुद्दा मर्मावर बोट ठेवणारा आहे. हिंदू असताना याला सांगत होते, तुझी ही गत तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगतात, मूळ पुरुषाच्या पापामुळे. दोन्हीकडे पाटलाचा ओटा सुटतो! ज्यानं दाबून ठेवलं त्याचं नाव कुठंच येत नाही. मग माणूस देवाला भिऊन वागतो, देवावर भरवसा ठेवतो, आणि ओटा जागच्या जागी राहतो.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा याच भीतीची आहे. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. परगावी नोकरीला गेलेला तरुण, खोली मिळावी म्हणून जात झाकतो. कविता करणारा, क्रांतीच्या गप्पा मारणारा पोरगा, पण दाराशी पाऊल वाजलं की छातीत धस्स. लक्ष्मीबाईंचे वडील ज्या स्पर्शाला भीत होते त्या स्पर्शाचा मालक इथं भितोय, की आपला स्पर्श ओळखला जाईल. एकाच भिंतीच्या दोन बाजू. अलीकडच्या बाजूचं मराठी साहित्य आपण लिहायला घेतलं ते फार उशिरा, असं सगळे म्हणतात. पण ते पूर्ण खरं नाही. कारण मुक्ता आहे.

आम्ही पासलीची माणसं पुण्याहून घरी यायचं तर स्वारगेटला एसटी धरतो. स्वारगेटपासून गुलटेकडी हाकेच्या अंतरावर. आता तिथं मार्केट यार्ड, भाजीचे ट्रक, हमाल. त्या हमालांत आपली पोरं आहेत. त्या गुलटेकडीचं नाव मराठी लिखाणात एका चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं नोंदवून ठेवलंय. मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापून आला. तिनं सांगितलं की बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यासमोरून गेला तर त्याचं डोकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानावर त्या डोक्याचा चेंडू करून, तलवारीचा दांडू करून खेळायचे. इमारतीच्या पायात शेंदूर पाजून माणसं पुरायचे. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं. हे सगळं चौदाव्या वर्षी. मी चौदाव्या वर्षी निबंध लिहिला होता 'माझा आवडता ऋतू'.

आता दोन्ही वाचनं शेजारी ठेवा. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात भीती सोवळ्याची आणि ती हसत हसत सांगितलेली. मुक्ताच्या निबंधात भीती उडवलेल्या डोक्याची आणि तिथं हसायला जागा नाही. दोघींमध्ये जवळपास ऐंशी वर्षांचं अंतर, आणि आधी लिहिलंय ते मुक्तानं. पण दोघींत एक गोष्ट सारखी आहे. दोघी सवाल करतात. लक्ष्मीबाई स्वतःला विचारतात, जाती केल्या कुणी? मुक्ता थेट देवाला विचारते. वेद बामणांचे, ते आम्हाला बघायलाही मनाई, मग आमचा धर्म कुठला, आमचं पुस्तक कुठलं ते तूच सांग. आणि पुढं जाऊन म्हणते की ज्या धर्मात एकानं भोगायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत राहायचं तो धर्म पृथ्वीवरून जावो. आपल्या शब्दांत सांगतोय मी, तिचे शब्द तुम्ही मुळातून वाचा. माझ्यापेक्षा फार कडक आहेत.

हा देवावर भरवसा आहे की नाही? मला वाटतं आहे. पण आपल्याला शिकवतात तसला नाही. मुकाट्यानं सोसायचा भरवसा नाही हा. ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच माणूस जाब विचारतो. पाटलाला जाब विचारायची सोय नव्हती, देवाला विचारला. आणि देवाला विचारता विचारता पाटलालाही ऐकू गेलं. भय असं मोडतं. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण तिचं लिखाण छापलं ते अमेरिकन मिशनच्या, १८४२ साली नगरला सुरू झालेल्या पत्रानं. हे श्रेय मिशनऱ्यांना द्यायलाच हवं. त्यांच्या हेतूविषयी कुणी काहीही म्हणो, एका मांगाच्या पोरीच्या आवाजाला त्यांनी शाई दिली. जोतिबाही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढं 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या धर्माची असून प्रेमानं नांदतील अशी कल्पना मांडली. मिशनकडून आलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं गिळलं नाही, आणि फेकूनही दिलं नाही.

मुक्तानं १८५५ ला विचारलं, आमचा धर्म कुठला. उत्तर आलं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. एकशे एक वर्षांनी. त्या उत्तरात देव नव्हता, हा इतिहासाचा एक वेगळाच फटका. प्रश्न देवाला विचारला, उत्तर माणसानं दिलं. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या देव्हाऱ्यातले देव गेले, वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. ओट्याची भीती लगेच गेली का? नाही. पण मान वर करायला कारण मिळालं.

आणि ज्यांनी आधीच येशूवर भरवसा टाकला होता त्यांचं काय? इथं मला मित्राची बाजू घ्यायची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरलं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ ला शीख आले, १९९० ला आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ ला केंद्र सरकारनं यावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. मधल्या सत्तर वर्षांत काय झालं ते नगर-औरंगाबादकडे कुणालाही विचारा. चर्चच्या रजिस्टरात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. रविवारी योहान, सोमवारी कचेरीत हिंदू महार. माझा मित्र सांगतो, त्याची आई नाताळात दारात तारा लावायलाही भ्यायची. कुणी बघेल, कुणी अर्ज करेल, पोराची फी-सवलत जाईल. ज्या श्रद्धेनं भय घालवायचं ती श्रद्धाच लपवायची वेळ आली. बागुलांच्या कथेतला पोरगा जात चोरतो. हे लोक देव चोरतात. ही कथा मराठीत कुणी लिहायची? ख्रिस्ती साहित्यिकांनी? त्यांतल्या बऱ्याच जणांची जात विचारली तर ते म्हणतात आमच्यात जात नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात लग्नं किती होतात ते मात्र सांगत नाहीत. टिळकांनाही मिशनचं कुंपण आवळायला लागलं होतं. १९१७ ला त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. तो दरबार फार चालला नाही. पण कुंपण दिसत होतं, हे त्यातून कळतं.

म्हणून 'स्मृतिचित्रे' मी मित्राला परत दिलं तेव्हा सांगितलं, पुस्तक मोठं आहे, बाई मोठी आहे. तुझ्या वाक्यात मात्र दुरुस्ती कर. यात सवर्णाची आपल्याविषयीची भीती कशी गेली ते आहे. आपली त्यांच्याविषयीची भीती कशी जाईल ते यात नाही. त्यासाठी तुझ्या आईनं लिहायला हवं, दाखला आणि तारा दोन्ही समोर ठेवून. तो म्हणाला, आई लिहीत नाही. मी म्हणालो, लक्ष्मीबाई तरी कुठं शाळेत गेल्या होत्या?

तर नगर, राहुरी, जालना, औरंगाबादकडच्या ख्रिस्ती दोस्तांनो, हा लेख तुमच्यासाठी आहे. मेंढपाळाविषयी मी जे बोललो त्यावर रागवा, पण कागदावर रागवा. तुमच्या आज्यांनी महारकी, मांगकी कशी टाकली, त्या रात्री कुणाची भीती वाटली, प्रार्थनेनं त्यातली किती गेली आणि किती उरली, ते त्यांच्या बोलीत लिहून पाठवा. शुद्धलेखनाची फिकीर नको. दोन्ही नावांनी सही करा, किंवा कुठल्याच नाही.